पायली, गॅलन आणि विशिष्ट गुरुत्व : वैमानिक-परीक्षेतील इंधनाच्या उदाहरणांचा भाषिक पाठ

इंधन द्रव असते, म्हणून ते मापाने भरले जाते. विमानाला मात्र वजन उचलायचे असते, म्हणून तेच इंधन वजनाने मोजावे लागते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ज्या लेखी परीक्षा घेते, त्यांतील इंधनाविषयीची बरीचशी उदाहरणे या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत बसलेली असतात. गणित म्हणून पाहिले तर ती आठवीच्या पातळीची आहेत : एखादा गुणाकार, एखादा भागाकार, फार तर एक टक्केवारी. तरीही बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली मुले तिथे अडतात. ही अडचण मला भाषेची वाटते, आणि म्हणून ती या वार्षिकात मांडतो आहे.

मराठी साहित्याच्या अध्यापकाचा विमानाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मी गोरव्यात राहतो. बडोद्याच्या या पश्चिम टोकाला औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे वायव्येला कोयलीची गुजरात रिफायनरी आहे. १९६५ पासून ती चालू आहे आणि विमानाचे इंधनही तिथे तयार होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीचा विमानतळ आहे आणि तिथे गुजरात फ्लाइंग क्लब आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या एखाद्या मराठी घरातले मूल वैमानिक व्हायचे म्हणते, तेव्हा कोणाला त्याचे नवल वाटत नाही. अशी दोन-तीन मुले गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येऊन बसली. घरी मराठी, शाळेत आणि रस्त्यावर गुजराती, परीक्षा इंग्रजीतून. 'सर, फक्त प्रश्नाचे इंग्रजी समजावून सांगा, गणित आम्ही करतो,' असे म्हणून ती येत. प्रश्नाचे इंग्रजी अगदी सोपे असे. अडत असे ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणी आपली मराठी पुष्कळ कामाला येते असा माझा अनुभव आहे.

सर्वांत आधी 'विशिष्ट गुरुत्व' हा शब्द घेऊ, कारण सगळे इंधनगणित त्याच्या खांद्यावर उभे आहे. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांत हा शब्द होता. आता त्याच्या जागी 'सापेक्ष घनता' असे शिकवतात. पहिला शब्द इंग्रजी संज्ञेचा घटक-घटक उचलून केलेला आहे आणि माझ्या मते तो फसलेला आहे. मराठीत 'विशिष्ट' म्हणजे अमुक एक, ठरावीक. 'गुरुत्व' म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे न्यूटन आणि सफरचंद उभे राहते. दोन्ही मिळून 'ठरावीक प्रकारचे गुरुत्वाकर्षण' असा काहीतरी धूसर अर्थ तयार होतो. तो धूसर अर्थ मनात ठेवून मूल सूत्र पाठ करते. 'सापेक्ष घनता' हा शब्द चांगला आहे, कारण तो ऐकणाऱ्याला एक प्रश्न विचारायला लावतो : कशाच्या सापेक्ष? उत्तर आहे, पाण्याच्या. परिभाषेचा शब्द असा असावा की त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघावा.

याहून सोपे मराठीही आपल्याजवळ आहे. 'पाण्याच्या मानाने जड' किंवा 'पाण्याच्या मानाने हलके' असे आपण रोज बोलतो. हे 'मानाने' म्हणजेच सापेक्ष घनता. एक लिटर पाणी एक किलो भरते. एक लिटर विमान-पेट्रोल, जे लहान पिस्टन इंजिनांच्या विमानांत वापरतात, ते सुमारे ०.७२ किलो भरते. जेट विमानांचे इंधन केरोसीनच्या जातीचे, त्याचा एक लिटर ०.८ किलोच्या आसपास. एका बाजूला लिटर, दुसऱ्या बाजूला किलो, आणि मध्ये पाण्याच्या मानाने किती हा आकडा :

किलो = लिटर × विशिष्ट गुरुत्व

(परीक्षेत जुनीच संज्ञा येते, म्हणून यापुढे मीही ती वापरतो.) या आकड्याला स्वतःचे एकक नाही, कारण तो केवळ एक प्रमाण आहे. पेट्रोल, डिझेल, केरोसीन पाण्यावर तरंगतात, हे पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात रंगीत तवंग पाहिलेल्या कोणालाही माहीत असते. म्हणजे विमानाच्या इंधनाचे विशिष्ट गुरुत्व १ पेक्षा कमीच असणार. हे एवढे वाक्य लक्षात राहिले तर काय टळू शकते, ते पुढे येईल.

माप आणि वजन यांतला फरक आपल्या आजीला शिकवावा लागत नव्हता. पायली हे मापाचे परिमाण, चार शेरांची एक. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे सारखीच जागा व्यापतात, पण उचलताना हाताला कळते. मात्र 'शेर' हा शब्द आपल्याकडे दोन्ही संसारांत वावरत होता : तराजूचा शेर वेगळा, मापाचा शेर वेगळा. संदर्भावरून ऐकणारा समजून घेई. दूध म्हटले की माप, गूळ म्हटला की तराजू. परीक्षेतल्या प्रश्नात असा ओळखीचा संदर्भ नसतो, तिथे शब्द नीटच वाचावा लागतो. बडोद्यातल्या आमच्या मुलांना याहून एक अडचण जास्त. गुजराती शाळेतल्या विज्ञानात आकारमानाला 'कद' म्हणतात आणि वस्तुमानाला 'दळ'. मराठीत कद म्हणजे माणसाची उंची-बांधा आणि दळ म्हणजे सैन्य, नाहीतर फुलाची पाकळी. मुलाने शाळेत 'कद' आणि 'दळ' पाठ केलेले असते, घरी ते शब्द निराळ्या अर्थाने ऐकलेले असतात, आणि इंग्रजी प्रश्नात तिसरीच जोडी येते. अशा मुलाला मी सांगतो, सगळ्या संज्ञा बाजूला ठेव आणि दोनच प्रश्न विचार : जागा किती व्यापली? तराजूत किती भरले?

इथेच आणखी एक खुलासा. भौतिकशास्त्राचा अध्यापक 'वजन' आणि 'वस्तुमान' यांत फरक करतो आणि तो योग्यच आहे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक. परीक्षेच्या काही प्रश्नांत एक संज्ञा येते, काहींत दुसरी. इंधनाच्या उदाहरणापुरता या भेदाने उत्तरात फरक पडत नाही, म्हणून मी या लेखात रूढ शब्द 'वजन' हाच ठेवला आहे.

आता गॅलन. एक मुलगी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, 'सर, गॅलन म्हणजे गॅलनच ना?' मी तिला विचारले, 'मण म्हणजे मणच का?' तिला प्रश्न कळला नाही. बडोद्याच्या मार्केट यार्डात आजही मण म्हणजे २० किलो. शेतमालाचे भाव गुजरातेत त्याच हिशेबाने बोलले जातात. देशावरून आलेल्या तिच्या आजीचा मण ४० शेरांचा. ८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर तो ३७ किलोंच्या वर जातो. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक. शब्द एक, वजन जवळजवळ तिप्पट. हा गोंधळ संपवण्यासाठी स्वतंत्र भारताला १९५६ साली वजनमापांचा कायदा करावा लागला आणि मेट्रिक पद्धत आणावी लागली. मुलगी घरी जाऊन आजीला विचारून आली आणि दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विचारले, 'मग गॅलन किती प्रकारचे?'

दोन प्रकारचे. इंग्लंडात पूर्वी दारूचा गॅलन, धान्याचा गॅलन असे निरनिराळे गॅलन होते. अमेरिकेने त्यांतला दारूचा, २३१ घनइंचांचा गॅलन उचलला आणि तोच चालू ठेवला. इंग्लंडने १८२४ साली जुने गॅलन रद्द करून नवा 'इम्पीरियल' गॅलन ठरवला, दहा पौंड पाणी मावेल एवढा. म्हणून अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरांचा आणि इम्पीरियल गॅलन ४.५४६ लिटरांचा. दहा पौंड पाण्याची ही व्याख्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते. इम्पीरियल गॅलनांना दहाने आणि विशिष्ट गुरुत्वाने गुणले की थेट पौंड मिळतात. ०.८ विशिष्ट गुरुत्वाच्या इंधनाचा एक इम्पीरियल गॅलन आठ पौंड. ही क्लृप्ती शिकवणीवर्गात सूत्र म्हणून देतात आणि मुले ती अमेरिकी गॅलनालाही लावून टाकतात. मागची गोष्ट माहीत असेल तर तसे होत नाही, कारण त्या दहामध्ये इम्पीरियल गॅलनातले पाणी आहे हे कळलेले असते.

फरक किती पडतो ते पाहू. लहान विमानाच्या टाक्यांत १४० गॅलन इंधन मावते. त्या पाऊण भरल्या आहेत. विशिष्ट गुरुत्व ०.७२. वजन किती किलो? पाऊण म्हणजे १०५ गॅलन. गॅलन अमेरिकी असेल तर ३९७ लिटर आणि सुमारे २८६ किलो. इम्पीरियल असेल तर ४७७ लिटर आणि सुमारे ३४४ किलो. ५८ किलोंचा फरक, म्हणजे लहान विमानात एक आख्खा माणूस. परीक्षेच्या चार पर्यायांत ही दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. प्रश्न काढणाऱ्याला विद्यार्थी कुठे घसरणार ते पक्के ठाऊक असते.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर १०५ हे संख्याविशेषण आहे आणि त्याला विशेष्य हवे. आपल्या पाचवीच्या मुलालाही 'पाच' म्हटल्यावर 'पाच काय?' असे विचारायला आपण शिकवतो. मात्र गणकयंत्र हातात आले की विशेष्य गळून पडते. यंत्राच्या पडद्यावर नुसती विशेषणे राहतात. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक पायरी पूर्ण वाक्यात लिहायला लावतो : 'टाक्यांत १०५ अमेरिकी गॅलन इंधन आहे. एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. म्हणून टाक्यांत ३९७ लिटर इंधन आहे. एक लिटर इंधन ०.७२ किलो भरते. म्हणून…' सुरुवातीला मुले कंटाळतात. परीक्षेत एवढा वेळ कुठे, असे म्हणतात. पंधरा दिवसांनी ती वाक्ये मनातल्या मनात होऊ लागतात आणि मग वेळ वाचतो.

विशेष्य गळाल्याने काय होऊ शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे १४३ क्रमांकाचे उड्डाण माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमान बोइंग ७६७, अगदी नवे. त्या कंपनीच्या ताफ्यात हे नवे विमान किलोग्रॅममध्ये बोलणारे पहिलेच होते. बाकीच्या विमानांचा हिशेब पौंडांत चाले. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून टाक्यांत मोजपट्टीने इंधन मोजले. ७,६८२ लिटर निघाले. प्रवासासाठी हवे होते २२,३०० किलो. आता लिटरांचे किलो करायचे. हाताशी १.७७ हा आकडा होता आणि वर्षानुवर्षे तोच वापरला जात होता. तो एका लिटरमागे पौंड सांगणारा आकडा होता. त्याने गुणले, १३,५९७ आले, आणि ते किलो समजले गेले. २२,३०० मधून वजा केल्यावर ८,७०३ उरले. त्यांना पुन्हा १.७७ ने भागले आणि ४,९०० लिटरांच्या थोडे वर इंधन भरले.

बरोबर हिशेब असा व्हायला हवा होता. लिटरमागे ०.८०३ किलो. ७,६८२ लिटर म्हणजे ६,१६९ किलो. कमी पडतात १६,१३१ किलो, म्हणजे भरायला हवे होते सुमारे २०,०८८ लिटर. चारपटीने कमी इंधन घेऊन विमान निघाले. एकूण इंधन २२,३०० किलोंऐवजी जवळपास २२,३०० पौंड होते, आणि ते १०,१०० किलोंच्या आसपास भरते. ओटावात इंधन पुन्हा मोजले गेले, पुन्हा त्याच १.७७ ने गुणले गेले, आणि हिशेब जुळला. चुकीच्या शब्दाने दोनदा तपासले तरी उत्तर एकच येते आणि माणसाला खात्री वाटू लागते, हे मला या प्रसंगातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. वाटेत आकाशातच दोन्ही इंजिने इंधनाअभावी बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पियर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी ते मोठे विमान तरंगत आणून मॅनिटोबातल्या गिमली येथे, हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. त्या धावपट्टीचा उपयोग तेव्हा मोटारींच्या शर्यतींसाठी होत होता आणि त्या दिवशी तिथे माणसे जमलेली होती. विमानात ६९ जण होते. सगळे वाचले.

त्या १.७७ कडे भाषेच्या विद्यार्थ्याने पाहावे. तो आकडा विशिष्ट गुरुत्व म्हणून वाचला तर अर्थ काय होतो? इंधन पाण्याच्या मानाने पावणेदोन पट जड, म्हणजे पाण्यात टाकले तर तळाला जाणारे. असे विमान-इंधन जगात नाही. शब्दाचा अर्थ मनात जिवंत असता तर आकडा तिथेच खटकला असता. शब्द नुसते सूत्रातले नाव होऊन राहिला, की त्याच्याजवळ कोणताही आकडा बसतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग सांगतो तेव्हा ज्या मुलाने रिफायनरीच्या परिसरात पाण्यावरचा तेलाचा तवंग पाहिलेला असतो, तो आधी हसतो.

विशिष्ट गुरुत्व उन्हाने बदलते, हेही सांगायला हवे. जेट इंधनाची घनता १५ अंश सेल्सियसला घनमीटरमागे ७७५ ते ८४० किलोंच्या दरम्यान असावी असे मानक आहे. बडोद्याच्या मे महिन्यात उन्हाने तापलेले इंधन फुगते आणि त्याच लिटरांत वजन कमी भरते. ४० अंशांना ते १५ अंशांपेक्षा दोन-सव्वादोन टक्क्यांनी हलके असते. दहा हजार लिटरांमागे हा फरक सुमारे १८० किलोंचा होतो. इंजिनाला किती ऊर्जा मिळणार हे लिटरांपेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते, म्हणूनही मोठ्या विमानांचा सगळा व्यवहार वजनात चालतो.

इथपर्यंत मराठीने अर्थ समजून घ्यायला मदत केली. पुढचा मुद्दा असा की काही ठिकाणी मराठीत गणित इंग्रजीपेक्षा आपोआप बरोबर होते. हे उदाहरण पाहा. अंतर ४५० सागरी मैल, जमिनीवरचा वेग १५० नॉट, इंधनखर्च ताशी ६० लिटर, शिवाय ४५ मिनिटांचा राखीव साठा, विशिष्ट गुरुत्व ०.७२. निघताना किती किलो इंधन हवे? प्रवासाला तीन तास. त्यात ४५ मिनिटे. इंग्रजीत विचार करणारे मूल घाईत गणकयंत्रावर ३.४५ दाबते, ६० ने गुणते आणि २०७ लिटर, १४९ किलो असे उत्तर काढते. तेच मूल मराठीत विचार करते तेव्हा म्हणते, तीन तास आणि पाऊण तास, म्हणजे पावणेचार तास. पावणेचार साठे सव्वादोनशे. २२५ लिटर, १६२ किलो. 'पाऊण' या शब्दातच पाव कमी एक असा अपूर्णांक आहे, त्याचे मिनिटांशी काही देणेघेणे नाही. तो घड्याळाच्या साठाला चालतो, किलोच्या हजाराला चालतो आणि दशांश चिन्हाच्या सापळ्यात सापडत नाही. १८ लिटरांची ती तूट म्हणजे ताशी ६० लिटरांच्या हिशेबाने १८ मिनिटांचे उड्डाण. राखीव साठ्यातली १८ मिनिटे गेली तर उरतात सत्तावीस.

सव्वा, दीड, अडीच, पावणे हे शब्द आमच्या पिढीने पाढ्यांत घोटले. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी आता शाळांतून गेली. मला त्या घोकंपट्टीचा मोह नाही, पण अपूर्णांकाला स्वतःचे नाव असणे ही भाषेची केवढी सोय आहे, हे इंधनाच्या या उदाहरणात दिसते.

राखीव साठ्याचे दुसरे उदाहरण विभक्तीचे आहे. विमानात एकूण ५,००० किलो इंधन आहे आणि त्यात राखीव २५ टक्के आहे, तर प्रवासासाठी किती उरले? पुष्कळ मुले ५,००० चे २५ टक्के काढून १,२५० राखीव आणि ३,७५० प्रवासाला असे लिहितात. पण प्रश्न म्हणतो, राखीव हे 'प्रवासाच्या इंधनाच्या' २५ टक्के आहे. म्हणजे प्रवासाचे इंधन १०० भाग, राखीव २५ भाग, एकूण १२५ भाग म्हणजे ५,००० किलो. प्रवासाला ४,०००, राखीव १,०००. टक्केवारीच्या प्रत्येक वाक्यात 'कशाच्या?' हा षष्ठीचा प्रश्न विचारावाच लागतो. इंग्रजी प्रश्नात ही षष्ठी एका लहानशा शब्दयोगी अव्ययाने येते आणि डोळा त्यावरून घसरतो. मराठीत ती नामाला चिकटून येते, म्हणून प्रश्न एकदा मराठीत उलगडून लिहिला की सुटतो. इथे उत्तरांत २५० किलोंचा फरक आहे, आणि तो सगळा एका प्रत्ययाचा आहे.

यापुढची पायरी म्हणजे विमानाने प्रवासी आणि सामान मिळून किती वाहून न्यावे. हे उदाहरण मी थोडे सविस्तर घेतो, कारण इथे वाक्यांचा काळ महत्त्वाचा ठरतो. एक काल्पनिक विमान घ्या. कर्मचाऱ्यांसह पण इंधनाशिवाय त्याचे वजन १,६०० किलो. निघताना ते २,४०० किलोंहून जड असता कामा नये, उतरताना २,२५० हून जड असता कामा नये. इंधन वरच्या उदाहरणातलेच : तीन तासांचे १८० लिटर म्हणजे १२९.६ किलो, पाऊण तासाचे राखीव ४५ लिटर म्हणजे ३२.४ किलो, एकूण १६२ किलो. निघतानाच्या मर्यादेने पाहू : २,४०० वजा १,६०० वजा १६२, उरले ६३८ किलो. पण उतरताना काय असेल? प्रवासाचे इंधन जळून गेलेले असेल. राखीव इंधन, सगळे सुरळीत झाले असेल तर, टाकीतच असेल. म्हणून २,२५० वजा १,६०० वजा ३२.४, उरले ६१७.६ किलो. दोन उत्तरांत जे लहान ते खरे. ६१७ किलोंच्या वर काही चढवता येणार नाही. मुले इथे दोन ठिकाणी अडखळतात. कोणी उतरतानाच्या वजनातून राखीव इंधनही काढून टाकते, जणू ते वापरले गेले. कोणी उतरण्याची मर्यादा तपासतच नाही, कारण प्रश्नात 'निघताना' हा शब्द आधी आला. 'इंधन जळले', 'इंधन जळणार आहे', 'इंधन जळले नाही म्हणून अजून आहे' या तीन वाक्यांत क्रियापदांचा काळ नीट धरला की आकडे आपापल्या जागी बसतात.

बडोद्याला परिभाषेची मोठी परंपरा आहे. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने इथे कलाभवन सुरू झाले आणि देशी भाषांतून तंत्रशिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. १९३१ साली संस्थानने इंग्रजीसह आठ भाषांचा 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' प्रसिद्ध केला, त्यात मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने पुढे विषयवार परिभाषा कोश काढले. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण कोशातला शब्द अभ्यासक्रमात गेला की आपण भाषेची माणसे हात झटकून मोकळे होतो आणि तो शब्द विज्ञानाच्या अध्यापकाच्या पदरात टाकतो. त्या शब्दासह वाक्य कसे वाचायचे, त्याच्याजवळ कोणता आकडा शोभतो आणि कोणता नाही, हे शिकवणे मराठीच्या तासाचे काम आहे. वैमानिकाची परीक्षा इंग्रजीत होते, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात, आणि तिथे मराठी कोणी विचारणार नाही. म्हणून प्रश्न मराठीत समजून घेण्याचे महत्त्व कमी होत नाही. मूल समजते ते आपल्या भाषेत, उत्तर मग कोणत्याही भाषेत देते.

शिक्षकांनी वर्गात घेण्याजोगे एक उदाहरण शेवटी देतो. विमानाच्या टाक्यांत ६०० गॅलन इंधन भरले. विशिष्ट गुरुत्व ०.७९. इंधनाचे वजन पौंडांत आणि किलोंत सांगा. मुलांना लगेच गणकयंत्र काढू देऊ नये. कोणत्या मुलाने 'कोणता गॅलन?' असे आधी विचारले ते पाहावे. गॅलन इम्पीरियल आहे असे सांगितल्यावर दहाच्या रीतीने ४,७४० पौंड येतील, आणि २.२०४६ ने भागल्यावर सुमारे २,१५० किलो. ४.५४६ लिटरांच्या रीतीने गेले तर उत्तर चार-पाच किलोंनी वर जाईल, कारण दहा पौंड हा आकडा किंचित पूर्णांकात बसवलेला आहे. आणि गॅलन अमेरिकी असेल तर सुमारे १,७९४ किलो.